अनुबोधपट, श्रद्धा आणि सामाजिक न्याय

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत चित्रपट-चर्चा मंडळाच्या वतीनें वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, ती आम्हीं नम्रपणें मान्य केली आहे. ज्या पूर्वजांनीं पदरमोड करून हें देऊळ उभारलें, ज्या धर्मगुरूंनीं येथें आयुष्य वेंचलें, त्यांचें पुण्यस्मरण आमच्यापेक्षां अधिकारी वक्ते करतील. आमच्या वांट्यास आलेला विषय दिसण्यांत लहान आहे. ह्या महोत्सवी वर्षांत दर महिन्याच्या एका रविवारीं सायंकाळीं आपल्या सभागृहांत आम्हीं जे अनुबोधपट दाखविले व त्यांवर जी चर्चा घडली, तिचा वृत्तांत सादर करावा, आणि त्यांतून कांहीं बोध निघत असल्यास तो आपणांपुढें ठेवावा, एवढेंच आमचें काम आहे.

प्रथम अनुबोधपट म्हणजे काय तें सांगूं. करमणुकीच्या बोलपटांत नट असतात, रचलेली कथा असते व शेवट लेखकाच्या हातीं असतो. अनुबोधपटांत खरीं माणसें, खरीं स्थळें व खऱ्या घटना असतात, आणि शेवट पुष्कळदां कोणाच्याच हातीं नसतो. हल्लीं त्यास माहितीपट म्हणण्याची चाल पडली आहे. तो शब्द चुकीचा नाहीं; परंतु आम्हांस जुना शब्दच अधिक आवडतो. माहिती मिळाली कीं माणूस स्वस्थ बसूं शकतो. बोध झाल्यावर स्वस्थ बसणें कठीण जातें.

देवाच्या दारीं सिनेमाचें काय काम, असें आपल्यांतील कित्येक वडीलधाऱ्या मंडळींनीं आरंभीं विचारलें. प्रश्न वाजवी आहे. ख्रिस्तसभेनेंहि ह्या कलेकडे प्रथम सावधपणेंच पाहिलें. पोप अकरावे पायस ह्यांनीं १९३६ सालीं चित्रपटांविषयीं जें विश्वपत्र काढिलें, त्यांत अनीतिमान चित्रपटांपासून कुटुंबांचें व विशेषतः मुलांचें रक्षण कसें करावें, हीच चिंता मुख्य होती. तथापि चांगल्या चित्रपटांचें सामर्थ्यहि त्यांनीं मान्य केलें होतें. पोप बारावे पायस ह्यांनीं १९५७ सालीं चित्रपट, रेडिओ आणि टेलिव्हिजन ह्या तिघांविषयीं पुन्हां विश्वपत्र लिहिलें. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें १९६३ सालच्या डिसेंबरांत प्रसारसाधनांवर स्वतंत्र हुकूमनामा काढून तीं साधनें सुवार्तेच्या कामीं योजण्यास सांगितलें. अशा रीतीनें ज्या दारावर प्रथम केवळ पहारेकरी उभा होता, त्या दारांतून पुढें पाहुण्यासहि आंत घेण्यांत आलें. पहारेकरी मात्र अद्याप जागेवर आहे, आणि तो असावा.

आणि एकत्र बसून ऐकणें, मग विचारणें, ही रीत आपणां मराठी ख्रिस्ती लोकांस नवी नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापून निघालें व देवळांतून तें लोकांस वाचून दाखविलें जाऊं लागलें. त्या ग्रंथाची मांडणी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस ठाऊक आहे कीं त्यांत गुरु एकटाच बोलत नाहीं. श्रोत्यांपैकीं कोणी शंका काढतो, गुरु तिचें निरसन करितो व कथा पुढें चालते. चारशें वर्षांपूर्वींच्या त्या पाद्रीबाबांस हें उमगलें होतें कीं ज्या श्रोत्यास प्रश्न विचारूं दिला नाहीं, त्यानें कथा ऐकली असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. आम्हीं ग्रंथाच्या जागीं पडदा लाविला. रीत जुनीच ठेवली. निदान तसा आमचा हेतु होता. तो कसा फसला व मग कसा सुधारला, तें आतां सांगतों.

पहिल्या सायंकाळीं आम्हीं भगिनी राणी मारिया ह्यांच्यासंबंधींचा अनुबोधपट दाखविला. कॅथरिन मॅक्गिल्व्रे नामक बाईंनीं केलेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या चित्रपटाच्या नांवाचा अर्थ ‘खुन्याचें हृदय’ असा आहे. भगिनी राणी मारिया ह्या केरळांतील पुल्लुवळि गांवच्या. त्यांचा जन्म १९५४ सालचा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघांत प्रवेश करून त्या उत्तर भारतांत सेवेस आल्या आणि १९९२ पासून मध्य प्रदेशांत इंदूर धर्मप्रांतांतील उदयनगर येथें राहूं लागल्या. तेथील आदिवासी शेतकरी सावकारी कर्जांत रुतलेले होते. भगिनींनीं त्यांस औषध दिलें, धीर दिला. परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहींत. सरकारी योजना कोणत्या, बँकेचें कर्ज कसें मिळतें, चारचौघांनीं मिळून बचत कशी करावी, हेंहि त्यांनीं शिकविलें. औषध दिल्याबद्दल कोणाचा राग झाला नव्हता. हिशेब शिकविल्याबद्दल झाला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं उदयनगराहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्यें, उतारूंच्या देखत, समंदरसिंग नांवाच्या तरुणानें सुऱ्यानें वार करून त्यांस ठार केलें. त्यास दुसऱ्यांनीं चिथावून पाठविलें होतें.

समंदरसिंगास जन्मठेप झाली. २००२ सालीं रक्षाबंधनाच्या सुमारास राणी मारिया ह्यांच्या धाकट्या बहीण, भगिनी सेल्मी पॉल, ह्या तुरुंगांत गेल्या आणि ज्या हातानें बहिणीचा प्राण घेतला, त्या हातास त्यांनीं राखी बांधली. केरळांतील कुटुंबानें त्यास क्षमा केली. त्याची सुटका व्हावी म्हणून रदबदलीहि केली. २००६ सालीं तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदूर येथें राणी मारिया ह्यांस ‘धन्यवादित’ म्हणून घोषित करण्यांत आलें, तेव्हां त्या सोहळ्यास तो स्वतः हजर होता.

चित्रपट संपला, दिवे लागले, आणि सभागृहांत डोळे पुसले नाहींत असें माणूस विरळा होतें. एकदोघांनीं उठून क्षमेच्या थोरवीवर भाषण केलें. सर्वांनीं मिळून प्रार्थना म्हटली, चहा झाला, आणि पाऊण तासांत सभागृह रिकामें झालें. आम्ही मंडळाचे लोक अत्यंत संतुष्ट होतों. खुर्च्या उचलतांना ‘कार्यक्रम फार छान झाला’ असें आम्हीं एकमेकांस तीनतीनदां सांगितलें.

सभागृह झाडण्यास येणारी एक आदिवासी मजूर बाई दारापाशीं उभी राहून सर्व पाहत होती. तिला आंत बसण्यास आम्हींहि सांगितलें नव्हतें, तिनेंहि विचारलें नव्हतें. झाडू हातांत घेऊन ती आमच्या धर्मगुरूंस म्हणाली, ‘फादर, त्या बाईनं तिथल्या लोकांना सावकारापासून सोडवलं. आमची उचल कधी फिटणार, ते कोण सांगेल?’

ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस आमची चूक कळली. आम्हीं चर्चा म्हणून जें केलें, ती चर्चा नव्हती. चित्रपटाची स्तुति होती. आम्हीं क्षमेविषयीं बोललों, कारण क्षमा करणारें कुटुंब केरळांतलें व क्षमा मिळालेला मनुष्य माळव्यांतला होता. ज्या कारणासाठीं त्या धर्मभगिनीचा प्राण गेला, त्या कारणाविषयीं आमच्यापैकीं एकानेंहि तोंड उघडलें नाहीं. तें कारण मात्र आमच्या दारापाशीं झाडू घेऊन उभें होतें.

म्हणून पुढील महिन्यांत नवा चित्रपट न लावतां त्याच चित्रपटाचे दोन प्रसंग आम्हीं पुन्हां दाखविले, आणि ह्या वेळीं एक जुनी पद्धत हाताशीं घेतली. बेल्जममधील धर्मगुरु जोसेफ कार्डाइन ह्यांची ती पद्धत. १८८२ सालीं मजूर घराण्यांत जन्मलेला हा मुलगा गुरुविद्यालयांत शिकावयास गेला, आणि सुटींत घरीं परतला तेव्हां गिरण्या-खाणींत कामास लागलेले त्याचे बालमित्र त्यास परका मानूं लागलेले दिसले. ख्रिस्तसभा आणि कामगार ह्यांच्यांत पडलेली ही दरी भरून काढण्यासाठीं त्यांनीं पुढें तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभारली व तिला तीन पायऱ्यांची शिस्त घालून दिली: पाहा, पारखा, करा. पोप तेविसावे योहान ह्यांनीं १९६१ सालच्या आपल्या सामाजिक विश्वपत्रांत ह्या तीन पायऱ्यांची शिफारस केली. १९६५ सालीं कार्डाइन ह्यांस कार्डिनलपद मिळालें. दोन वर्षांनीं ते देवाघरीं गेले.

ही पद्धत ऐकावयास सोपी आहे, पाळणें अवघड. ‘पाहा’ ह्या पहिल्या पायरीवरच आपण घसरतों. पडद्यावर काय दिसलें असें विचारलें कीं लोक ‘फार वाईट वाटलें’ असें उत्तर देतात. वाईट वाटणें ही पाहण्याची पायरी नव्हे. म्हणून आम्हीं आठदहा जणांचीं मंडळें केलीं व नियम घातला कीं पहिलीं पंधरा मिनिटें कोणीहि मत सांगावयाचें नाहीं. जें डोळ्यांनीं दिसलें व कानांनीं ऐकलें, तेवढेंच सांगावयाचें. कर्ज कोणीं दिलें? कागद कोणापाशीं होता? बसमधील उतारू काय करीत होते? कोणाचें म्हणणें चित्रपटांत ऐकूंच आलें नाहीं? एवढें झाल्यावर शुभवर्तमानाचा एक उतारा वाचावयाचा, मग पारखावयाचें. आणि अखेरीस एकच प्रश्न: ह्यांतील कोणती गोष्ट आपल्या धर्मग्रामांत घडत आहे?

त्या संध्याकाळीं आम्हीं पाड्यावरील सहा बायांस व चार पुरुषांस आगाऊ निमंत्रण दिलें होतें. उचलीचा विषय निघाला. आमचे एक बागाईतदार बंधु, जे देवळाच्या प्रत्येक कार्यांत पुढें असतात, उभे राहून म्हणाले, ‘आम्ही ह्यांना आजारपणांत पैसे दिले, लग्नाला दिले, पावसाळ्यांत धान्याला दिले. व्याजाचा पैसाहि घेतला नाहीं. ह्यांत अन्याय तो कोणता?’ त्यांचा स्वर प्रामाणिक होता, आणि त्यांनीं पैसे दिले होते हें पाड्यावरच्या माणसांनींहि मान्य केलें. तेव्हां आमच्यांतील एका शिक्षिकेनें अगदीं हलक्या आवाजांत विचारलें, ‘उचल फिटेपर्यंत रोज किती धरतां?’ उत्तर मिळालें, तें बाजारांतील रोजाच्या निम्म्याहून थोडें अधिक होतें. ‘आणि हिशेब कोठें लिहिलेला असतो?’ तो एकाच वहींत होता, आणि ती वही धन्याच्या घरीं होती.

कोणी कांहीं बोललें नाहीं. मंडळांत एक वकील होते. त्यांनीं सांगितलें कीं आगाऊ रकमेपोटीं माणसास कमी मजुरीवर बांधून ठेवणें हें १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें बंद झालेलें आहे; व्याज घेतलें नाहीं एवढ्यानें कायदा सुटत नाहीं. मग वाचावयाचा उतारा होता संत याकोबाच्या पत्राचा: शेतें कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करिते, हा त्याचा आशय. पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ सालच्या कामगारविषयक विश्वपत्रांत नेमका हाच आधार घेतला आहे. तो उतारा आमच्या देवळांत आम्हीं कितीदां ऐकला असेल! वाचणारा तोच होता, शब्द तेच होते. परंतु ऐकणाऱ्यांत प्रथमच, ज्यांची मजुरी तीं माणसें समोर बसलेलीं होतीं.

ते बागाईतदार बंधु त्या सायंकाळीं चहा न घेतां निघून गेले. पुढचे दोन महिने ते सभागृहाकडे फिरकले नाहींत. आम्हांस वाईट वाटलें. कांहींनीं आम्हांस दोषहि दिला कीं महोत्सवाच्या वर्षांत तुम्हीं घरांघरांत कलह लाविला. तिसऱ्या महिन्यांत ते आले. काखेंत वही होती. त्या शिक्षिकेनें व पाड्यावरील एका शिकलेल्या मुलानें मिळून बाजारभावाच्या रोजानें सारा हिशेब पुन्हां मांडला, तेव्हां तीन कुटुंबांची उचल केव्हांच फिटून गेली होती असें निघालें. त्यांनीं तें मान्य केलें. वरचें देणेंहि हप्त्यांनीं देऊं केलें. आतां ह्या गोष्टीवर टाळ्या वाजवूं नयेत, अशी आमची विनंती आहे. अशा वह्या आपल्या धर्मग्रामांत आणखी आहेत, आणि त्या सर्व अद्याप सभागृहांत आलेल्या नाहींत. कांहीं कोणाच्या आहेत, तें आम्हांस ठाऊक आहे. कांहीं आमच्याच नात्यागोत्यांतल्या आहेत.

ह्यानंतर दाखविलेल्या इतर चित्रपटांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण प्रत्येकानें आम्हांस एकेक धडा दिला.

‘त्यांनीं भगिनी डोरथी ह्यांस मारिलें’ अशा अर्थाचें नांव असलेला डॅनियल जुंज ह्यांचा अनुबोधपट २००८ सालचा. भगिनी डोरथी स्टँग ह्या अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत १९३१ सालीं जन्मल्या व १९६६ पासून ब्राझिलमध्यें राहिल्या. अॅमेझॉनच्या अरण्यांत अनापू ह्या भागीं भूमिहीन कुटुंबांनीं जंगल न तोडतां शेती करून पोट भरावें, ह्यासाठीं त्या झटल्या. मोठमोठ्या जमिनी बळकावणाऱ्यांस तें खपलें नाहीं. १२ फेब्रुवारी २००५ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, मातीच्या रस्त्यावर त्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. मारेकऱ्यांनीं हत्यार आहे का असें विचारलें, तेव्हां त्यांनीं पिशवींतून पवित्र शास्त्र काढून दाखविलें. ह्या चित्रपटानें शिकविलेला धडा असा कीं पडद्यावरची गोष्ट संपली तरी खरी गोष्ट संपत नाहीं. ज्या जमीनदारानें खून करविला असा आरोप होता, त्यास २००७ सालीं शिक्षा झाली. चित्रपट लोकांपुढें आल्यानंतर थोड्याच दिवसांत, २००८ च्या मे महिन्यांत, फेरचौकशींत तो निर्दोष सुटला. २०१० सालीं पुन्हां दोषी ठरला, आणि तीहि चौकशी रद्द होऊन २०१३ सालीं आणखी एकदां त्यास तीस वर्षांची शिक्षा झाली. जो चित्रपट दाखवितो, त्यानें पुढें काय झालें ह्याची चौकशी करून तें श्रोत्यांस सांगितलें पाहिजे. नाहीं तर अर्धें सत्य सांगितल्याचा दोष त्याच्याकडे येतो.

तिसरा चित्रपट आपल्या घरचा. आनंद पटवर्धन ह्यांनीं १९८५ सालीं पुरा केलेला ‘हमारा शहर’. मुंबईंत पदपथांवर व झोपड्यांत राहणाऱ्या माणसांचीं घरें महापालिका कशी पाडते, आणि त्याच माणसांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या इमारतींतील सुखवस्तु लोक त्याविषयीं काय बोलतात, हें त्यांत दाखविलें आहे. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें पदपथवासीयांच्या दाव्यांत असा निकाल दिला कीं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कांतच येतो. मात्र रीतसर सूचना देऊन त्यांस हटविण्याचा महापालिकेचा अधिकारहि त्याच निकालानें कायम ठेविला. त्या चित्रपटांत एक प्रसंग आहे. घर मोडलेली एक बाई चित्रण करणाऱ्यांवरच उलटते: तुम्ही आमच्या दुःखाचीं चित्रें घेऊन जाल, नांव मिळवाल, आम्हांस त्याचा उपयोग काय, अशा आशयाचें ती विचारते. चित्रकर्त्यानें तो प्रसंग कापून टाकला नाहीं, ही त्याची सचोटी. परंतु तो प्रश्न केवळ चित्रकर्त्यास नाहीं. खुर्चीवर बसून पाहणाऱ्यांसहि तो लागू पडतो. आमच्यांतील पुष्कळ मंडळी मुंबईंत नोकरीस जातात. गाडीच्या खिडकींतून त्या झोपड्या रोज पाहतात. ‘रोज दिसतें म्हणूनच आम्हांस दिसेनासें झालें होतें,’ असें एका बँकेंतील बंधूनें त्या सायंकाळीं सांगितलें.

चौथा चित्रपट ब्रिटिश प्रसारसंस्थेसाठीं माल्कम मगरिज ह्यांनीं १९६९ सालीं केलेला, कलकत्त्याच्या मदर तेरेसा ह्यांच्या कार्यावरचा. ह्या चित्रपटानें त्यांचें नांव पश्चिमेंत घरोघर पोंचविलें. कालीघाट येथील मरणोन्मुखांच्या आश्रमांत उजेड इतका अंधुक होता कीं चित्रण होईल अशी छायाचित्रकारास आशा नव्हती. पण चित्रें उजळ आलीं. मगरिज ह्यांस त्यांत ईश्वरी प्रकाश दिसला. छायाचित्रकार केन मॅकमिलन ह्यांनीं मागाहून सांगितलें कीं श्रेय नव्या, अधिक संवेदनक्षम फिल्मचें होतें. आमच्या तरुणांनीं ह्यावर कडाक्याचा वाद घातला. श्रद्धेचा अपमान होतो कीं काय अशी कांहींस भीति वाटली. आमचें मत असें झालें कीं छायाचित्रकाराचें म्हणणें खरें मानल्यानें त्या आश्रमांतील प्रेम तिळभरहि उणें होत नाहीं. मरणाऱ्याच्या तोंडांत पाणी घालणारा हात हा खरा चमत्कार. त्यास फिल्मच्या साक्षीची गरज नाहीं. सत्यास न भिणारी श्रद्धा असेल तरच ती न्यायाच्या कामीं उपयोगी पडते. ज्यास पडद्यावरचें सर्वच खरें वाटतें, त्यास उद्यां कोणीहि खोटें चित्र दाखवून शेजाऱ्याविरुद्ध भडकवूं शकेल. आणि हल्लीं तर अशीं चित्रें प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर येऊन पडतात.

त्याच चर्चेंत दुसरा प्रश्न निघाला, तो दया व न्याय ह्यांच्यांतील भेदाचा. रस्त्यांत पडलेल्यास उचलणें ही दया. माणसें रस्त्यांत कां पडतात हें विचारणें हा न्यायाचा आरंभ. चांगल्या शोमरोन्यानें जखमा बांधल्या, हें प्रभूनें आपणांस अनुकरणासाठीं सांगितलें. परंतु त्याच वाटेवर दररोज कोणी लुटला जात असेल, तर पट्ट्या बांधणाऱ्यानें वाटेच्या बंदोबस्ताचाहि विचार करावयास नको काय? आपल्या धर्मग्रामांत दयेची उणीव नाहीं. नाताळांत पाड्यावर कपडे वांटले जातात, शाळेच्या वह्या दिल्या जातात. त्या वह्या जरूर द्याव्यात. परंतु दुसऱ्या एका वहीचा हिशेब चुकता केल्यावांचून पहिल्या वह्यांचें पुण्य पूर्ण होत नाहीं, हें आम्ही ह्या वर्षीं शिकलों.

इतर धर्मग्रामांतील मंडळी असें कार्य आरंभूं इच्छितात, त्यांच्यासाठीं आमच्या अनुभवाचे चार शब्द. चित्रपट तासाभराहून लांब असल्यास त्याचे भाग करून दाखवावा. थकलेला मनुष्य चर्चा करीत नाहीं. दाखविण्यापूर्वीं ज्यांची मालकी आहे त्यांची परवानगी घ्यावी; न्यायाचा चित्रपट चोरून दाखविणें शोभत नाहीं. भाषा परकी असल्यास कोणीतरी आगाऊ पाहून मराठींत सांगण्याची तयारी करावी. दिवे लागल्यावर पांच मिनिटें शांत बसावें. प्रथम स्त्रियांस व तरुणांस बोलूं द्यावें, कारण वडील बोलल्यानंतर तीं बोलत नाहींत, हें आम्हीं वारंवार पाहिलें. ज्यांच्याविषयीं चित्रपट आहे, तशीं माणसें आपल्या गांवांत असतील, तर त्यांस आंत, खुर्चीवर बसवावें. आणि उठण्यापूर्वीं एक लहानसें कृत्य ठरवून तें कोण, केव्हां करणार हें लिहून ठेवावें. पुढल्या बैठकीचा आरंभ त्या टिपणानें करावा. मोठा ठराव करूं नये. मोठे ठराव पुष्कळदां कांहींच न करण्याची सभ्य रीत असते.

तरुण मंडळींस एक सूचना. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालीं आपल्या सामायिक घराविषयीं, म्हणजे पृथ्वीविषयीं, जें विश्वपत्र दिलें, त्यावर २०२२ सालीं ‘द लेटर’ नांवाचा अनुबोधपट निघाला. ब्राझिलमधील एक आदिवासी नायक, सेनेगालमधील एक तरुण, हवाई बेटांतील शास्त्रज्ञ आणि आपल्या भारतांतील एक लहान मुलगी पोपमहोदयांस भेटावयास जातात, असा त्याचा विषय आहे. पाणी, जंगल व हवा ह्यांचें नुकसान झालें तर प्रथम मार बसतो तो गरिबांस, हें त्यांत दिसतें. येत्या वर्षाचा आरंभ आम्ही त्या चित्रपटानें करणार आहों. आमच्या विहिरींचें पाणी खारट कां होत चाललें, हा प्रश्न त्या दिवशीं निघाल्यावांचून राहणार नाहीं.

आतां पुरें करितों. महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याचा दिवस. पूर्वजांनीं काय उभारलें, तें आपण अभिमानानें पाहतों. परंतु इस्राएली लोकांचा जो पन्नासाव्या वर्षाचा महोत्सव मोशेच्या नियमशास्त्रांत सांगितला आहे, त्याचें स्वरूप जरा निराळें होतें. त्या वर्षीं शिंग फुंकलें जाई, गहाण पडलेली जमीन मूळ मालकाकडे परत जाई, आणि कर्जापायीं बांधला गेलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरीं जाई. पताका, मिरवणूक व मेजवानी ह्यांच्याहि आधीं महोत्सवाचा अर्थ हा होता. आपल्या देवळाच्या घंटा आज वाजल्या, त्या पाड्यापर्यंत ऐकूं गेल्या असतील. त्या ऐकून तेथील किती माणसांस आपण मोकळे झालों असें वाटलें, हा हिशेब आपण आपल्या मनाशीं करावा.

ज्या बाईनें आम्हांस प्रश्न विचारला, ती आतां चर्चेच्या मंडळांत बसते. तिच्या उचलीचा हिशेब अजून पुरा झालेला नाहीं. ती वही अद्याप यावयाची आहे. ती वही ज्या घरीं आहे, तें घर हें भाषण ऐकत असेल, अशी आमची समजूत आहे. त्या घरच्या बंधुभगिनींस आम्ही दोष देत नाहीं. सभागृहाचें दार उघडें आहे, एवढेंच सांगतों. आणि येतांना वही घेऊन यावी, अशी प्रेमाची विनंती करितों.

धन्यवादित राणी मारिया आपल्यासाठीं विनंती करोत, आणि प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस पाहण्यासाठीं दृष्टि, पारखण्यासाठीं विवेक व करण्यासाठीं बळ देवो. आमेन.